वासाचा पडदा : वनस्पतींचं डासरोधक फिनिश कापडावर कसं बसवायचं

दिवेलागणीला गोठ्यात कडुनिंबाचा ओला पाला आणि गोवरी पेटवून धूर करायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. धूर आहे तोवर म्हशी शांत रवंथ करतात. धूर विरला की शेपट्यांची आपटाआपटी पुन्हा सुरू. कापडाला डासरोधक फिनिश, म्हणजे डास लांब ठेवणारा शेवटचा लेप, द्यायला बसलेल्या माणसाने हे दृश्य डोक्यात पक्कं ठेवावं. हवेत जे उडतं तेच डासाला लांब ठेवतं, आणि जे उडतं ते संपतं. घट्ट धरून ठेवलं तर उपयोग नाही, मोकळं सोडलं तर दोन दिवसांत कापड कोरं. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, एवढंच हे काम आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

इचलकरंजीजवळ माझी नैसर्गिक रंगाईची छोटी शेड आहे. रंगाई शिकायला येणाऱ्या बायकांमध्ये हल्ली दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच, "ताई, डास येणार नाहीत असं कापड करता येईल का?" त्यांच्यासाठी वहीत लिहिलेलं इथे जरा सविस्तर मांडते.

आधी अपेक्षा नीट लावून घ्या

चावते ती डासाची मादी. अंड्यांसाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामातलं लॅक्टिक आम्ल आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ती येते. सिट्रोनेला, गवती चहा, निर्गुडी, निलगिरी यांच्या तेलातली उडणारी द्रव्यं तिचा हा माग चुकवतात. ती मरत नाही, दुसरीकडे वळते. मच्छरदाणीला लावतात त्या परमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाने डास मरतो. ते काम वेगळं आणि हे वेगळं.

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. २०२१ साली महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, तेव्हा या दिवसा चावणाऱ्या डासाकडे पुष्कळांचं लक्ष गेलं. दिवसा मच्छरदाणी गुंडाळून ठेवलेली असते. तिथे खिडकीचा वासाचा पडदा थोडी मदत करू शकतो. मलेरियाचा ॲनोफिलीस मात्र रात्रीचा. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात कुणी असा पडदा लावून औषध लावलेली मच्छरदाणी बाजूला ठेवणार असेल, तर त्याला हे फिनिश शिकवूच नका, इतकं स्पष्ट सांगते. आणि आठवड्यातून एकदा पिंपं, कुंडीखालच्या ताटल्या, कूलर रिकामे करून कोरडा दिवस पाळणं कुठल्याही कापडापेक्षा जास्त कामाचं आहे. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब.

शिकायला पहिल्यांदा पडदाच घ्या. तो अंगाला लागत नाही, वरचेवर धुवावा लागत नाही आणि वारा त्याच्यातूनच घरात येतो. तान्ह्या बाळाची दुपटी, उशीचे अभ्रे, लंगोट यांना हे फिनिश देऊ नका. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

पायरी १ : कापड, आणि त्याची खळ

मांजरपाट घ्या. शंभर टक्के सुती, फिक्या रंगाचं. गडद रंगाकडे डास जास्त ओढले जातात, म्हणून काळा-निळा पडदा नको. टेरिकॉटही नको, ते पाणी नीट पीत नाही.

मागावरून आलेलं कोरं कापड कडक लागतं ते सायझिंगच्या खळीमुळे. ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ दिलेली असते. शिवाय कापसाचं स्वतःचं मेण असतं. या दोन्ही गोष्टी निघाल्या नाहीत तर तुम्ही वर जे काही लावाल ते खळीवर बसेल आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर गटारात जाईल. नवीन माणसाचं काम शंभरातल्या नव्वद वेळा इथेच फसतं.

कापड रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस, साध्या पाण्यात बुडवून ठेवा. पाण्याला आंबूस वास आला तर घाबरू नका, स्टार्च सुटत असल्याची ती खूण आहे. मग स्वच्छ खळबळून, कापडाच्या वजनाच्या वीसपट पाणी घ्या, त्यात कापडाच्या वजनाच्या तीन टक्के धुण्याचा सोडा आणि चमचाभर पातळ साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं. गरम पाण्याने दोनदा, थंड पाण्याने दोनदा धुवा. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका म्हणजे सोडा उरणार नाही.

आता दोन चाचण्या. कोपऱ्यावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाका. डाग निळा-काळा झाला तर खळ अजून आहे, तपकिरी-पिवळाच राहिला तर गेली. दुसरी चाचणी पाण्याच्या थेंबाची. वाळलेलं कापड ताणून धरा आणि बोटाच्या टोकावरून एक थेंब सोडा. कोऱ्या कापडावर तो अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहतो, कड उचलली तर घरंगळतो. नीट उकळलेल्या कापडावर थेंब टेकतो न टेकतो तोच पसरतो, मागे फक्त ओला ठिपका. असं होईपर्यंत पुढे जाऊ नका, पुन्हा उकळा.

मग वाळलेलं कापड वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. माझ्या पडद्याचं कोरं कापड २८० ग्रॅम होतं, उकळून वाळल्यावर २५० भरलं. पुढचा सगळा हिशोब या २५० वर.

पायरी २ : कुठली वनस्पती

गवती चहाच्या तेलात सिट्रल भरपूर असतं, सिट्रोनेलाच्या तेलात सिट्रोनेलल आणि जिरॅनिऑल. दोन्ही तेलं फिकी असतात, कापडावर डाग फारसे पडत नाहीत. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून पीएमडी नावाचं द्रव्य मिळतं. वनस्पतींपासून मिळणाऱ्या डासरोधकांत ते सर्वांत टिकाऊ मानतात, पण तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरू नये असा सल्ला असतो. निर्गुडी आपल्याकडे ओढ्याकाठी फुकट मिळते. पाला खुडताना हाताला जो उग्र वास लागतो तो तासभर जात नाही.

कडुनिंबाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. शेतात, धान्याच्या कोठीत तो उत्तमच. पण निंबोळी तेल कापडावर जड बसतं, खवट होतं, लसणीसारखा वास मारतं, आणि त्यातलं किडीवर काम करणारं द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर मोडतं. पडद्याला ऊन लागणारच. तान्ह्या मुलांच्या पोटात हे तेल गेलं तर विषबाधा होते, तेव्हा मुलं असलेल्या घरात तर नकोच.

नवशिक्याने सिट्रोनेला घ्यावं. तेल शुद्ध आहे का याचा एक साधा अंदाज : पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. उडणारं तेल जवळजवळ सगळं उडून जातं. तेलकट पारदर्शक डाग तसाच राहिला तर त्यात खाद्यतेल मिसळलेलं आहे.

काढ्याचा मोह

सगळ्यांच्या मनात पहिली कल्पना येते ती पाला उकळून काढ्यात कापड बुडवायची. मीही तेच केलं होतं. पातेलंभर निर्गुडी दोन तास उघडी उकळली. गल्लीभर वास सुटला, शेजारच्या काकू विचारायला आल्या. पडदा छान मेंदी रंगाचा झाला आणि चौथ्या दिवशी नाक लावलं तर ओल्या गवताचा वास, बाकी काही नाही. जे हवं होतं ते सगळं मी वाफेबरोबर गल्लीला वाटून टाकलं होतं.

काढाच करायचा तर सावलीत वाळवलेला पाला १०० ग्रॅम, पाणी एक लिटर, घट्ट झाकण, आणि उकळी न आणता तासभर कोमट-गरम ठेवायचं. झाकणासकट गार होऊ द्यायचं. कापडाला आधी हिरडा आणि तुरटी दिली तर रंग पक्का बसतो. वास मात्र बसत नाही, कारण हिरड्यातलं टॅनिन रंगद्रव्याला धरतं, उडणाऱ्या तेलाला धरत नाही. रंग टिकला म्हणजे गुण टिकला असं समजून पुष्कळ माल विकला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांना फक्त एका संध्याकाळपुरतं हवंय त्यांनी १० मिली तेल रिठ्याच्या पाण्यात जोरात हलवून अर्धा लिटर करावं आणि पडद्यावर फवारावं. काही तास वास राहतो. प्रामाणिक उपाय आहे, रोज करावा लागतो इतकंच.

पायरी ३ : तेलाला कवच घालायचं

खरं फिनिश इथे सुरू होतं. तेलाच्या बारीक थेंबाभोवती पातळ कवच तयार करायचं, म्हणजे तेल सावकाश झिरपेल आणि कापड हलवलं, चोळलं की काही कवचं फुटून ताजा वास सुटेल. कारखान्यात याला मायक्रोएन्कॅप्सुलेशन म्हणतात. आमच्या शेडमधल्या बायका "गोळ्या" म्हणतात, मीही तेच म्हणते.

कवचासाठी दोन वस्तू लागतात : जिलेटिन आणि बाभळीच्या जातीचा गम अरेबिक डिंक. आम्लाच्या पाण्यात जिलेटिनवर धन भार येतो, डिंकावर ऋण. दोघं एकमेकांकडे ओढले जातात, पाण्यातून बाहेर पडतात आणि समोर तेलाचा थेंब दिसला की त्याच्याभोवती गुंडाळतात. सगळी करामत या ओढीची आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. तेल वनस्पतीचं असलं तरी कवच वनस्पतीचं नाही. घरात कुणाला ते चालत नसेल तर विचारून घ्या आणि विकताना "संपूर्ण वनस्पतिजन्य" असं लिहू नका. समुद्री शेवाळापासूनचं सोडियम अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडबरोबर वापरून कवच करता येतं, पण घरच्या साधनांनी त्याचे गोळे साबुदाण्याएवढे मोठे होतात आणि कापडावर टिकत नाहीत.

एका पडद्यासाठी :

जिलेटिन ६ ग्रॅम, २०० मिली पाण्यात. आधी गार पाण्यात फुगू द्या, मग ५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून विरघळवा. दुसऱ्या भांड्यात डिंक ६ ग्रॅम, २०० मिली पाण्यात, त्याच तापमानाला. डिंक फडक्यातून गाळून घ्या, त्यात सालपटं असतात. भांडी स्टीलची किंवा काचेची, लोखंडाची नकोत.

जिलेटिनच्या पाण्यात १२ मिली सिट्रोनेला तेल बारीक धारेने सोडत हँड ब्लेंडरने चार-पाच मिनिटं फिरवा. मिश्रण दुधासारखं झालं पाहिजे आणि वर तेलाचा तवंग दिसता कामा नये. मग डिंकाचं पाणी हळूहळू ओता. इथून पुढे ब्लेंडर बंद, चमच्याने सावकाश पण न थांबता ढवळायचं.

आता व्हिनेगर थेंबाथेंबाने घाला आणि मधे मधे पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी बुडवून पाहा. पीएच ४ च्या आसपास आला की पातेल्यात बदल दिसतो : दुधाळ पाणी एकदम दाट, सायीसारखं पांढरं होतं, चमच्याच्या मागे किंचित रवाळपणा दिसतो. थांबा. आणखी व्हिनेगर घातलं तर कवचं पुन्हा विरघळू लागतात.

भांडं बर्फाच्या परातीत ठेवा आणि ढवळत राहा. १० अंशांच्या खाली यायला अर्धा-पाऊण तास लागतो. घाई करू नका, भराभर गार केलं की गुठळ्या होतात. गार झाल्यावर अर्धा ग्रॅम टॅनिक आम्ल थोड्या पाण्यात विरघळवून घाला. जिलेटिनचं कवच त्याने घट्ट होतं. प्रयोगशाळांत यासाठी फॉर्मॅल्डिहाइड वापरतात. घरात तो आणू नका, डोळे आणि श्वास दोन्हींना घातक आहे. भांडं झाकून रात्रभर फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून लांब.

सकाळी साईसारखा थर वेगळा झालेला असतो. तो हलक्या हाताने काढून घ्या, साधारण १०० ग्रॅम भरतो. जवळच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर काचपट्टीवर एक थेंब नेऊन नक्की बघा. गोल गोल थेंब आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं दिसतं. आमच्या गटातल्या एकीने ते पाहून "तेलाच्या बुडबुड्याला काठ शिवलाय" असं म्हटलं होतं. कडं दिसलं नाही तर नुसतं तेल-पाणी झालंय, कवच झालेलं नाही.

पायरी ४ : कापडावर बसवणं

सुताला या गोळ्यांबद्दल आपणहून काही प्रेम नाही. धरून ठेवायला बाईंडर लागतो, पिगमेंट छपाईत वापरतात तोच. छपाईच्या रसायनांच्या दुकानात "कमी तापमानाला पक्का होणारा" असं सांगून मागा. साध्या बाईंडरला दीडशे अंशांच्या आसपास भाजावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत आपलं तेल भाजणीच्या धुराबरोबर निघून जातं.

आता वजनाचा हिशोब. कारखान्यात पॅडिंग मँगलच्या दोन रुळांमधून कापड पिळून निघतं आणि वजनाच्या ७०-८० टक्के द्रव त्यात राहतो. आपल्याकडे मँगल नाही, पण वजनकाटा आहे. २५० ग्रॅम कापडाला ८० टक्के म्हणजे २०० ग्रॅम द्रव हवा. गोळ्यांची साय १०० ग्रॅम, बाईंडर लिटरला ३० ग्रॅम या हिशोबाने ६ ग्रॅम, बाकी गार पाणी, असं मिळून २०० ग्रॅम करा. उथळ परातीत कापड घडी घडीने दाबत सगळा द्रव पिऊ द्या, उलटसुलट करा. पिळू नका. पिळलं की गोळ्या फुटतात. शेवटी ओलं कापड तोला : ४५० ग्रॅमच्या जवळ असलं तर काम चोख झालं. ४०० भरलं तर द्रव परातीतच राहिलाय.

सावलीत, वाऱ्याला, दोरीवर आडवं पसरून वाळवा. उन्हात नको, सिट्रोनेलल आणि सिट्रल दोन्ही उन्हाने बिघडतात. वाळल्यावर बाईंडरच्या डब्यावर लिहिलं असेल तेवढे दिवस हवेत राहू द्या किंवा वर सुती फडकं टाकून हलकी इस्त्री द्या. इस्त्री करताना फार वास आला तर लगेच आच कमी करा.

पायरी ५ : धुण्याची वही

याच कापडाचे दहा बाय दहा सेंटीमीटरचे सहा तुकडे सुरुवातीलाच बाजूला ठेवा आणि पडद्याबरोबर त्यांनाही फिनिश द्या. एक कधीच धुवायचा नाही. बाकीचे एक, तीन, पाच, सात, दहा वेळा धुवायचे, आणि प्रत्येक धुण्यानंतर कडेला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. शाईच्या खुणा धुऊन जातात, टाके राहतात. धुताना गार पाणी, रिठा किंवा सौम्य साबण. ब्रश, मशीन काही नको. मग वाळलेला तुकडा दोन बोटांत चोळून नाकाशी धरा. घरातल्या तीन वेगळ्या माणसांना वास घ्यायला सांगा, कारण दिवसभर सिट्रोनेलात काम केलेल्या नाकाला काही कळत नाही. माझ्या तुकड्यांत पाचव्या धुण्यापर्यंत चोळल्यावर वास स्पष्ट आला, सातव्याला तिघांपैकी एकीलाच आला.

माणसाच्या नाकाला वास आला म्हणजे डासालाही तेवढाच लागला, असं मात्र धरू नका. त्यासाठी डासांवरच चाचणी हवी. ठरावीक संख्येचे डास पिंजऱ्यात सोडून फिनिश दिलेल्या आणि न दिलेल्या कापडावर किती बसले ते मोजतात. समजा साध्या कापडावर ४० बसले आणि आपल्या कापडावर १२, तर ४० मधून १२ वजा, उरले २८, भागिले ४०, म्हणजे ७० टक्के. ही चाचणी घरी करू नका. डास पाळणं, हात पिंजऱ्यात घालणं यात खरा आजार होऊ शकतो. मुंबईत बिट्रा आणि ससमिरा, कोइमतूरला सिट्रा अशा वस्त्र संशोधन संस्था आहेत. तिथे फोन करून ही चाचणी होते का, नमुना केवढा लागतो, खर्च किती, हे आधी विचारा. धुलाईनंतरचा नमुनाही सोबत पाठवा, नाहीतर आकडा फक्त नव्या कापडाचा मिळेल.

पडद्यापलीकडे ॲप्रन, ओढणी असं काही अंगावरचं करायचं असेल तर तयार कापडाचा रुपयाएवढा तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवून एक दिवस ठेवा. लाली, खाज, पुरळ आलं तर ते कापड त्या माणसासाठी नाही. आणि तेल निव्वळ स्वरूपात कधीही अंगाला लावू नका.

विकायचा विचार असेल तर लेबलवर आकडा लिहिण्याआधी तो चाचणीतून आलेला असू द्या आणि किती धुण्यांपर्यंतचा आहे तेही लिहा. भारतात कीटकनाशकांसाठी १९६८ चा कायदा आहे. तुमचा दावा त्याच्या कक्षेत येतो का, हे जाणकाराकडून लेखी घेतल्याशिवाय "डास पळवणारा" असं छापू नका.

वास उतरला की पडदा फेकायचा नसतो. सौम्य साबणाने धुऊन पाण्याच्या थेंबाची चाचणी पुन्हा करा. बाईंडरच्या थरामुळे थेंब आता थोडा उशिरा मुरतो, त्याला हरकत नाही. मुरला की पायरी तीनपासून परत. मी दुसऱ्या खेपेला बाईंडर निम्माच घालते, नाहीतर पडदा ताडपत्रीसारखा ताठ होतो आणि वाऱ्याला हलत नाही. न हलणाऱ्या पडद्यातल्या गोळ्या फुटत नाहीत.